एस्तुदियांतेस : दोनदा घसरला, दोनदा वरच राहिला

माद्रिदच्या एस्तुदियांतेस या बास्केटबॉल क्लबवर वाद निघाला की तो चषकांवरून निघत नाही. तो निघतो २०१२ आणि २०१६ या दोन उन्हाळ्यांवरून. दोन्ही वेळा हा क्लब तक्त्यात खाली जायच्या जागेवर संपला आणि दोन्ही वेळा पुढच्या मोसमात वरच्याच लीगमध्ये खेळला. चाहते याला नशीब म्हणतात, विरोधक लबाडी. त्या काळचे नियम वाचले तर दोघांचंही पूर्ण खरं नाही.

जुना इतिहास थोडक्यात. १९४८ साली माद्रिदमधल्या रामिरो दे माएस्तू या सरकारी शाळेत हा क्लब सुरू झाला. नावाचा अर्थच ‘विद्यार्थी’. खेळाडू शाळेच्या अंगणातून आणायचे ही रीत पुढे कित्येक दशकं टिकली. शाळेच्या आवारातलं मागारिन्योस हे बंदिस्त मैदान लहान, प्रेक्षक जवळजवळ रेषेवर बसलेले. स्वतःला ‘डेमेन्सिया’, म्हणजे वेडेपणा, म्हणवणारा विद्यार्थ्यांचा आवाजी कंपू तिथलाच. शिव्यांपेक्षा टिंगलीवर त्यांचा भर असे. १९८७ मध्ये पहिला संघ शहरातल्या मोठ्या पालासियो दे लोस देपोर्तेसमध्ये हलला. २००१ च्या जूनमध्ये ती इमारत जळाली आणि २००५ मध्ये नवी उभी राहीपर्यंत संघ इतरत्र खेळला. त्या काळातले बरेच सामने विस्तालेग्रे या झाकलेल्या बैलझुंजीच्या मैदानात झाले.

चषक फार नाहीत. स्पेनचा कप १९६३, १९९२ आणि २०००. १९९२ मध्येच युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत इस्तंबूलची अंतिम चौकडी गाठली आणि उपांत्य फेरीत बादालोनाच्या जुवेंतुतकडून हरले. १९९९ च्या कोराच कप या युरोपीय स्पर्धेची अंतिम लढत दोन सामन्यांच्या गुणांच्या बेरजेवर ठरायची; तिथे बार्सेलोनाविरुद्ध पहिला सामना ९३-७७ जिंकला, दुसरा ७०-९७ गमावला; म्हणजे १६ गुणांची आघाडी एका संध्याकाळी गेली. २००४ मध्ये लीगची अंतिम मालिकाही बार्सेलोनाकडूनच २-३ अशी हरले. जुने तक्ते शोधणाऱ्यासाठी एक सूचना : क्लबच्या नावात प्रायोजक सतत बदलत गेला आहे. काहा पोस्ताल, आर्हेंतारिया, आदेको, एमएमटी, आसेफा, तुएंती, मोविस्तार... संघ तोच.

यापेक्षा मोठा अभिमान वेगळाच होता. वरच्या श्रेणीतून कधीच खाली न गेलेले क्लब तेव्हा तीनच : रेआल माद्रिद, जुवेंतुत आणि एस्तुदियांतेस. बार्सेलोनासुद्धा साठच्या दशकात खाली राहून आली आहे. हा विक्रम वाचला कसा, हाच सगळा गुंता.

लीग चालवते क्लबांचीच संघटना, एसीबी (आपल्या पेपरांत लाचेच्या बातम्यांत येते ती नव्हे). ती १९८२ मध्ये स्थापन झाली आणि १९८३-८४ पासून स्पर्धा तिच्या हातात आली. इथे मुद्दा हा की वरचे क्लब नुसते स्पर्धक नाहीत, ते संघटनेचे सभासद आहेत. खालून येणाऱ्याला मैदानावर जागा जिंकून पुरत नाही, सभासदत्वही घ्यावं लागतं. आणि सभासदत्वाची किंमत आधीचे सभासद ठरवतात.

स्पॅनिश पेपर या किमतीला सरसकट ‘कानोन’ म्हणायचे. आपल्या ‘पागडी’शी तिचं जवळचं नातं आहे : भाडं नाही, अनामतही नाही, आत शिरण्याचे पैसे. पण एकाच शब्दात तीन वेगळ्या रकमा कोंबल्या गेल्या आणि म्हणून एकाच क्लबबद्दल तीन पेपरांत तीन आकडे दिसतात. त्यातली खरी प्रवेशरक्कम सुमारे ३० लाख युरो, वर मूल्यवर्धित कर. दुसरी होती बढती-अवनती निधीतली भर, सुमारे १६ लाख युरो. या निधीतून खाली जाणाऱ्या क्लबाला आधार मिळे. तिसरी म्हणजे बँकेची हमी. हमी खर्च होत नाही, पण बँक ती सहज देत नाही. पहिल्या दोन रकमा आणि कर मिळूनच बेरीज ५० लाखांच्या पुढे जाते. दुसऱ्या श्रेणीतल्या कित्येक क्लबांचं वर्षाचं बजेट याच्या निम्मंही नसे.

शिवाय तेव्हा क्लब ही भागधारकांची क्रीडा कंपनी हवी असे, हिशेब तपासलेले हवे असत, मैदान ५,००० प्रेक्षकांचं हवं असे. बढती ठरे मेअखेरीस किंवा जूनमध्ये आणि कागदांची मुदत संपे जुलैमध्ये. पाच-सहा आठवड्यांत नगरपालिका, प्रांत आणि प्रायोजक यांच्याकडून एवढा पैसा उभा करायचा. तिथे बहुतेक जण अडकत.

आणखी एक बारीक अट होती, ती बातम्यांत क्वचितच येई. पूर्वी एकदा प्रवेशरक्कम भरलेला क्लब खाली जाऊन परत आला तर त्याने महागाईनुसार फक्त फरक भरायचा. पूर्ण ओझं पहिल्यांदाच येणाऱ्यावर. त्यामुळे दार बंद होतं म्हणणंही चूक आणि सर्वांना सारखं उघडं होतं म्हणणंही चूक.

आता २०१२. १८ संघ, ३४ फेऱ्या, शेवटचे दोन खाली. एस्तुदियांतेस शेवटच्या फेरीत घरच्या मैदानावर मुर्सियाकडून हरला आणि वायादोलिदसोबत खाली जायच्या जागेवर संपला. खालून कानारियास आणि मेनोर्का यांनी जागा मिळवली होती. मेनोर्काला पैसे जमले नाहीत आणि तो क्लबच विसर्जित झाला. दरम्यान मैदानावर नीट टिकलेल्या आलिकांतेने आर्थिक कारणाने आपली जागा सोडली आणि तिथे कानारियास आला. मागे उरलेल्या दोन जागांवर शेवटचे दोघे राहिले. टिकलेला खाली, घसरलेले वर. नियमात बसत होतं, डोळ्यांना मात्र खुपत होतं.

बुर्गोसचं दुखणं याहून मोठं. तिथल्या तेव्हाच्या क्लबाने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं मैदानावर बढती मिळवली आणि तिन्ही वेळा कागदावर गमावली.

२०१६ मध्ये पुन्हा तेच. एस्तुदियांतेस आणि गिपुस्कोआ शेवटचे दोन, पालेन्सिया आणि मेलिया बढतीचे मानकरी. दोघांनाही अटी पुऱ्या करता आल्या नाहीत. एस्तुदियांतेस वर राहिला, गिपुस्कोआ खालच्या श्रेणीत खेळला आणि पुढचा मोसम १७ संघांचा झाला. एस्तुदियांतेसला ‘ऑफिसात वाचलेला’ हा टोमणा तेव्हापासून चिकटला. आमच्या मते तो अर्धाच न्याय्य आहे. नियम या क्लबासाठी बनवला नव्हता, रिकामी जागा शेवटच्यांना मिळणं आधीपासून लिहिलेलं होतं. पण ज्या संघटनेने तो ठेवला तिचा हा क्लब मतदार सभासद होता आणि फायदा घेताना त्याने दार रुंद करण्याचा आग्रह धरल्याचं दिसलं नाही.

२०१७ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या स्पेनच्या सरकारी नियामकाने या आर्थिक अटी प्रमाणाबाहेरच्या आणि भेदभाव करणाऱ्या ठरवून संघटनेला ४ लाख युरोंचा दंड केला. अटी सैल झाल्या. त्याच उन्हाळ्यात बढतीचे दोन्ही संघ खरोखर वर आले : गिपुस्कोआ, आणि बुर्गोसचा २०१५ मध्ये स्थापन झालेला नवा क्लब सान पाब्लो. या नव्या क्लबाने २०२० आणि २०२१ मध्ये बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग ही युरोपीय स्पर्धा जिंकली. २०१२ मध्ये दुसऱ्याच्या सोडलेल्या जागेवर आलेल्या तेनेरिफेच्या कानारियासनेही ती २०१७ मध्ये जिंकली होती. ‘खालच्यांना वरचा खेळ झेपणार नाही’ हा जुना युक्तिवाद त्यानंतर फारसा ऐकू आला नाही.

कोविडमुळे २०१९-२० मध्ये कुणालाच खाली पाठवलं नाही, म्हणून २०२०-२१ चा मोसम १९ संघांचा झाला. त्यात एस्तुदियांतेस आणि गिपुस्कोआ पुन्हा शेवटचे दोन. या वेळी लीग पुन्हा १८ संघांवर आणायची होती, म्हणून वर येणारा एकटा ब्रेओगान, आणि तो कागदपत्रांसह तयार होता; त्यामुळे एकही जागा रिकामी उरली नाही. क्लब पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत गेला. २०२२ मध्ये वर परतण्यासाठीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे जिरोनाकडून, त्यांच्याच मैदानावर, हरला.