नरकाची उत्पत्ती आणि ईश्वरी पूर्वज्ञान (ख्रिस्ती धर्मविचार)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव सर्वज्ञ, सर्वसमर्थ आणि प्रीतिस्वरूप आहे. त्याच श्रद्धेत, देवाला अखेरपर्यंत नाकारून मरणाऱ्यांसाठी नरकही आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवली की प्रश्न सुटत नाहीत. नरक केव्हा झाला? कोणासाठी झाला? तिथे कोण जाणार हे देवाला जगाच्या आधीपासून ठाऊक होते का, आणि ठाऊक असेल तर त्या माणसाला त्याने जन्माला घातलेच का? या चर्चेत दोन वेगळ्या शंकांची नेहमी सरमिसळ होते. देवाला आधी कळले म्हणून माणसाचे स्वातंत्र्य जाते का, ही पहिली. कळत असूनही देवाने निर्मिती का केली, ही दुसरी. पहिलीचे निरसन तत्त्वज्ञांनी बऱ्यापैकी केले आहे. दुसरी अधिक खोल आहे, आणि पहिलीचे उत्तर देऊन ती मिटत नाही.

शब्द आणि खोरे : मराठी बायबलमध्ये ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन शब्द भेटतात. हिब्रू शास्त्रातला ‘शेओल’, म्हणजे अधोलोक, हा सगळ्याच मृतांचा मुक्काम होता. राजा असो की गुलाम, सज्जन असो की दुर्जन. तिथे यातना नव्हत्या, पण देवाची स्तुतीही नव्हती. सहाव्या स्तोत्राचा कर्ता देवाला विनवतो तो याच धाकाने, की अधोलोकात तुझे स्तवन कोण करणार? पुराणांतल्या नरकाशी परिचित असलेल्या वाचकाने इथे एक भेद ध्यानात ठेवावा. त्या नरकातून पापाचे फळ भोगून संपल्यावर जीव बाहेर पडतो. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहात नरकातून परतीची वाट नाही. कॅथलिक मतातले शुद्धिस्थान, म्हणजे मृत्यूनंतर पापांपासून शुद्ध होण्याची अवस्था, ही निराळी कल्पना आहे.

शिक्षेचा नरक मात्र एका खऱ्याखुऱ्या जागेवरून आला. जुन्या यरुशलेमच्या पश्चिमेकडून दक्षिणेला वळसा घेत जाणाऱ्या खोऱ्याचे नाव हिन्नोमचे खोरे, हिब्रूत ‘गे-हिन्नोम’. ग्रीकमध्ये त्याचेच ‘गेहेन्ना’ झाले. या खोऱ्यातल्या तोफेत नावाच्या ठिकाणी लोक आपली मुले-मुली मोलख या देवतेसाठी अग्नीत घालत. इ. स. पू. सातव्या शतकात योशीया राजाने ती जागा मुद्दाम भ्रष्ट केली, म्हणजे पुन्हा तिथे कोणी असे करायला जाऊ नये. यिर्मया संदेष्ट्याने बजावले की या जागेला पुढे वधाचे खोरे म्हणतील. यशयाच्या ग्रंथाचा शेवट न मरणाऱ्या किड्याच्या आणि न विझणाऱ्या आगीच्या चित्राने होतो. ते चित्र मार्कच्या शुभवर्तमानात येशूने गेहेन्नाला लावले. नव्या करारात गेहेन्ना हा शब्द १२ वेळा आला आहे. त्यांपैकी ११ वेळा तो येशूच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात.

या खोऱ्यात शहराचा कचरा अहोरात्र जळत असे, ही गोष्ट प्रवचनांतून हमखास ऐकू येते. पण तिच्या उगमाशी नेहमी दाखवला जातो तो लेखी पुरावा सुमारे १२०० सालचा, डेव्हिड किम्ही या यहुदी भाष्यकाराचा आहे. येशू आणि किम्ही यांच्यामध्ये अकराशेहून अधिक वर्षे जातात. शिवाय या जागेची दहशत समजायला कचऱ्याची गरजही नाही. जिथे आईबापांनी आपली लेकरे जाळली, त्या जागेचे नाव नरकाला मिळाले, एवढे पुरेसे आहे.

त्याच खोऱ्याच्या कडेला, केतेफ हिन्नोम येथल्या दफनगुहेत, १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्के यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. फार जपून उलगडल्यावर त्यांवर कोरलेली अक्षरे वाचता आली : ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो’ हे गणना या ग्रंथातले आशीर्वचन. त्या इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्याच्या आरंभीच्या मानल्या जातात, आणि बायबलमधल्या मजकुराचा याहून जुना हस्तलेख आजवर मिळालेला नाही.

खोऱ्याचा पूर्वज्ञानाशी संबंध यिर्मयाच्याच एका वाक्यातून जुळतो. मुलांच्या त्या होमाबद्दल देव म्हणतो, असे करा हे मी सांगितले नव्हते, ते माझ्या मनातही आले नव्हते. हे वाक्य यिर्मयाच्या ग्रंथात तीनदा येते (७:३१, १९:५, ३२:३५). पारंपरिक भाष्यकार त्याचा अर्थ असा लावतात की अशी आज्ञा देण्याचा विचार देवाला कधी शिवला नाही. ज्यांना देवाचे भविष्यज्ञान मर्यादित वाटते ते हेच वाक्य पुढे करतात आणि म्हणतात, माणसे इतकी खाली जातील हे देवालाही अनपेक्षित होते. वाक्याचा ओघ पाहता पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो. तरी ज्या जागेने नरकाला नाव दिले तिच्याचविषयी देवाने ‘हे माझ्या मनात नव्हते’ म्हणावे, ही गोष्ट कोणत्याही भाष्याने हलकी होत नाही.

‘सिद्ध केलेला अग्नी’ : नरकाच्या उत्पत्तीविषयी नव्या करारातले सर्वांत महत्त्वाचे वचन मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आहे. उजवीकडच्यांना राजा सांगतो की जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी सिद्ध केलेले राज्य घ्या. डावीकडच्यांना तो धाडतो ते ‘सैतान व त्याचे दूत यांच्यासाठी सिद्ध केलेल्या’ सार्वकालिक अग्नीत. दोन्ही वाक्ये एकाच साच्याची आहेत, म्हणूनच त्यांतला फरक डोळ्यांत भरतो. राज्य ‘तुमच्यासाठी’ आहे, अग्नी ‘तुमच्यासाठी’ नाही; राज्य जगाच्या स्थापनेपासूनचे आहे, अग्नीबाबत काळाचा उल्लेखच नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात प्रवचने देताना जॉन क्रिसोस्टम या धर्मोपदेशकाने यावर नेमके बोट ठेवले : राज्य मी तुमच्यासाठी केले होते, अग्नी नव्हे, तुम्हीच त्यात उडी घेतलीत, तर दोष स्वतःला द्या.

यहुदी परंपरेने मात्र काळही सांगितला. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथात जगाच्या आधी निर्माण झालेल्या सात गोष्टींची यादी आहे. त्यात तोरा (मोशेचे नियमशास्त्र), एदेनची बाग, देवाचे सिंहासन यांच्याबरोबर गेहेन्ना आहे, आणि पश्चात्तापही आहे. तिथेच असेही म्हटले आहे की गेहेन्नाची पोकळी जगाआधीची आणि तिचा अग्नी सृष्टीच्या दुसऱ्या दिवशीचा. उत्पत्तीच्या ग्रंथात त्या एकाच दिवसाअखेर ‘ते चांगले आहे’ हे शब्द येत नाहीत.

ख्रिस्ती धर्मपंडितांनी नरकाची उत्पत्ती देवदूतांच्या पतनाशी जोडली. हनोखाचे पुस्तक या प्राचीन यहुदी ग्रंथातले बंडखोर दूत, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले ‘तार्तार’मध्ये (ग्रीकांच्या पाताळात) टाकलेले दूत, प्रकटीकरणातले अग्निसरोवर हे धागे एकत्र आले. यशयाच्या १४ व्या अध्यायातले बाबेलच्या राजावरचे गीतही तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या धर्मपंडिताच्या काळापासून सैतानाच्या पतनावर लावले जाऊ लागले. कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये ठरवले ते एवढेच, की सैतान आणि भुते देवाने मुळात चांगली निर्मिली आणि ती स्वतःहून वाईट झाली. म्हणजे नरक हा सृष्टीच्या मूळ आराखड्याचा भाग नाही. बंड झाले म्हणून तो आहे. पण हे बंडही देवाला आधी दिसत होते ना?

धर्मपंडित ऑगस्टीनच्या (३५४–४३०) काळीही लोक असे खोदून विचारत. स्वर्ग-पृथ्वी करण्याआधी देव काय करत होता, या प्रश्नाला कोणीतरी दिलेले उत्तर त्याने नोंदवले आहे : असल्या गूढात डोकावणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. आपण असे उत्तर देणार नाही, असे त्याने तिथेच लिहिले. खोल प्रश्न विचारणाऱ्याची टर उडवण्यापेक्षा ‘मला माहीत नाही’ म्हणणे त्याला पसंत होते. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ऑगस्टीनची ही वृत्ती घ्यावी.

ज्ञान बांधते का : ऑगस्टीनचे उत्तर साधे आहे. काल घडलेले तुम्हाला आठवते, पण तुमच्या आठवणीने ते घडवून आणलेले नसते. तसेच देवाच्या जाणण्याने उद्याचे पाप घडत नाही. बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने (सु. ४८०–५२४) हाच विचार पुढे नेला, तोही राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत, मृत्युदंडाची वाट पाहत असताना. त्याच्या मते देव ‘आधी’ जाणतच नाही. अनंतकाळ म्हणजे न संपणारा वेळ नव्हे, तर अमर्याद जीवन एकाच क्षणी पूर्णपणे हाती असणे. देवाला सगळे वर्तमानच आहे; चालणाऱ्या माणसाकडे पाहिल्याने आपण त्याला चालवत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याला चित्ररूप दिले : रस्त्यावरून चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावर उभ्या असलेल्याला सगळी वाट एकदम दिसते.

लुइस दे मोलिना (१५३५–१६००) या स्पॅनिश येशूसंघीय पंडिताने १५८८ मध्ये आणखी एक पायरी घातली. काय घडू शकते आणि काय घडणार आहे यांच्या मधोमध, कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हेही देव जाणतो. याला ‘मध्यज्ञान’ म्हणतात. आधार म्हणून येशूचे शब्द दाखवले जातात, की तुमच्यात झालेली अद्भुते सोर व सीदोन या शहरांत झाली असती तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. डॉमिनिकन या दुसऱ्या संघाच्या पंडितांनी कडाडून विरोध केला. वाद रोमपर्यंत गेला. १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने दोन्ही पक्षांना एकमेकांस पाखंडी म्हणण्यास मनाई केली आणि निर्णय योग्य वेळी देऊ असे सांगितले. तो निर्णय अजून झालेला नाही.

मोलिनाच्या मताने दुसरी शंका उलट धारदार होते. सोर आणि सीदोन पश्चात्ताप करतील अशी परिस्थिती देवाला माहीत होती, तर ती त्यांना का दिली नाही?

मग निर्माण का केले : येशूने आपला विश्वासघात करणाऱ्या यहूदाविषयी म्हटले, तो माणूस जन्मला नसता तर त्याला बरे होते. यहूदाच्या जन्माआधी हे जाणणाऱ्या देवाला हा प्रश्न टळत नाही. दमास्कसच्या योहानाने (सु. ६७५–७४९) तो अध्यायाच्या मथळ्यातच मांडला आणि उत्तर दिले : जो पुढे स्वतःच्या इच्छेने दुष्ट होणार, त्याचे अस्तित्व त्या कारणाने देवाने रोखले असते, तर दुष्टतेने देवाच्या चांगुलपणावर मात केली असती. अस्तित्व हे देणे आहे. घेणारा ते नासवील म्हणून देणाऱ्याने हात आखडायचा नाही. हे उत्तर उदार आहे. पण त्यात देणाऱ्याचा चांगुलपणा वाचतो. घेणाऱ्याचे काय, हे उरतेच. ऑगस्टीनने दुष्टांना सृष्टीच्या काव्यातला विरोधाभास म्हटले, ज्याने काव्य खुलते. जळणाऱ्या माणसाला अलंकार म्हणणे मात्र आज फार थोड्यांना पटेल.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विनने आडपडदा ठेवला नाही. देवाने नुसते पाहिले नाही, ठरवले. ठरवले म्हणूनच तो आधी जाणतो. हा निर्णय भयंकर आहे हे मी कबूल करतो, असे त्याने स्वतःच लिहिले. ते शब्द त्याच्या ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत आहेत. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी उलट बाजू धरली : देव निवड करतो ती आधी दिसलेल्या श्रद्धेवरून. हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) त्यांचे मत फेटाळले; पुढे मेथडिस्ट पंथात ते भरभराटीला आले.

इतरांनी प्रश्नातल्या एकेका विधानालाच हात घातला. सोळाव्या शतकात फाउस्तो सोझिनीने आणि १९९४ नंतर क्लार्क पिनॉक प्रभृती धर्मपंडितांनी म्हटले की स्वतंत्र इच्छेने होणारे भविष्य अजून ‘आहे’च कुठे, मग ते न जाणल्याने सर्वज्ञतेला उणेपणा येत नाही. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल धर्मपंडितांच्या संस्थेने २००१ मध्ये याविरुद्ध ठराव केला. काहींनी यातनांची अनंतता सोडली आणि दुर्जनांचा अखेर नाश होतो असे मानले; ॲडव्हेंटिस्ट पंथाची ही शिकवण आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही, आणि नरक म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःला देवापासून कायमचे तोडून घेणे.

ओरिगेनने (सु. १८५–२५४) सर्वांच्या अंतिम पुनःस्थापनेची, म्हणजे अखेर सगळेच देवाकडे परततील अशी, आशा मांडली होती, सहाव्या शतकात त्याच्या नावाशी जोडलेल्या मतांचा निषेध झाला. पण ती आशा पूर्वेकडच्या सिरियाक मठांत जिवंत राहिली. निनवेचा इसहाक हा सातव्या शतकातला संन्यासी, काही महिनेच बिशप राहून पद सोडून एकांतात गेलेला. त्याच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग सेबॅस्टियन ब्रॉक यांना १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात सापडला आणि त्याचा मोठा भाग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या ३९ व्या अध्यायात इसहाक पूर्वज्ञानापासूनच सुरुवात करतो, पण निष्कर्ष उलटा काढतो. ही माणसे कशी निघतील हे देवाला घडवण्याआधीच ठाऊक होते आणि तरी त्याने त्यांना घडवले. ज्या कृत्यांची त्याला पहिल्यापासून जाण होती त्यांसाठी न संपणाऱ्या निर्दय यातनेत लोटायला दयाळू निर्माता कोणाला घडवत नाही. सूड म्हणून गेहेन्ना असेल असे म्हणणे त्याला देवनिंदा वाटते. गेहेन्ना आहे, ती कठोर आहे, हे तो नाकारत नाही. पण तीही त्याच प्रीतीने योजलेली आहे आणि तिच्या शेवटी काय आहे ते निर्मात्याला ठाऊक आहे, असे तो लिहितो.