निळ्या पक्ष्यांची कुळकथा

जपानच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या पोर्सिलिनवरचा पक्षी कसा उमटवलाय, हे नीट पाहिलं की भांड्याचा काळ बराचसा कळतो.

सुरुवात क्युशू बेटावरच्या आरिता गावातली. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजांनी १५९२ ते १५९८ दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतणाऱ्या सरदारांनी तिथले कुंभार सोबत नेले. त्यांच्यातल्या यी साम-प्योंगला १६१६ च्या सुमारास आरिताजवळच्या इझुमियामा इथे पोर्सिलिन ज्यापासून बनतं तो दगड सापडला, असं परंपरा सांगते. पुढचं सगळं वैभव या परमुलखात आणलेल्या माणसांच्या हातांतून आलंय.

भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाचं चित्र, त्यावर झिलई, मग भट्टी. या कामाला 'सोमेत्सुके' म्हणतात. सुरुवातीच्या बश्यांवरचा बगळा मला सर्वांत प्रिय. कागदाचा बगळा कापून बशीवर ठेवायचा, भोवती फुंकरीने निळा रंग उडवायचा आणि कागद उचलायचा. निळ्या शिंतोड्यांत बगळा पांढराशुभ्र उरतो. डोळा आणि पिसं तेवढी कुंचल्याने काढायची. हे 'फुकिझुमी'.

१६४४ मध्ये चीनमधली मिंग सत्ता कोसळली, तिथल्या पोर्सिलिनचं मोठं केंद्र असलेल्या चिंगदेचनच्या भट्ट्या विस्कळीत झाल्या आणि युरोपला माल पुरवणारी डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताकडे वळली. १६५९ मध्ये तिने एकदम ५६ हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. माल इमारी बंदरातून निघे, म्हणून युरोपात त्याचं नावच इमारी पडलं. कंपनीच्या थाळ्यांवर मधोमध तिची आद्याक्षरं आणि भोवती लांब शेपटीचे दोन फिनिक्स, म्हणजे पुराणकथांतले पक्षी. अशी थाळी पालथी घातली की तळाशी बारीक वण दिसतात; भट्टीत तळ खचू नये म्हणून दिलेल्या मातीच्या टेकूंच्या त्या खुणा.

घरच्या वापराच्या भांड्यांवर मात्र दीर्घायुष्याचे क्रौंच आणि लाटांवरून उडणारे चिखल्या पक्षी, म्हणजे 'चिदोरी', रमले. मेजी काळात, १८६८ नंतर, युरोपातून कृत्रिम कोबाल्ट आला, निळा रंग भडक झाला आणि कापून कोरलेल्या कागदी साच्यांतून झपाट्याने नक्षी उमटू लागली. त्या चिदोरींच्या रेषा मधेमधे तुटलेल्या दिसतात, कारण साचा सलग कापला तर आतला तुकडा गळून पडतो.