सर्चर्स, द

लिव्हरपूलमधील एक बीट (१९६० च्या दशकातील ठसठशीत तालाचे, गिटारप्रधान ब्रिटिश पॉप संगीत) गट. त्याचे जवळजवळ सगळे यश १९६३ ते १९६५ या तीन वर्षांत सामावलेले आहे.

गटाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जॉन मॅकनॅली यांनी सु. १९५७ मध्ये मित्रांसह एक स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवर वाजवले जाणारे लोकसंगीताच्या वळणाचे संगीत) गट काढला. मित्रांचा उत्साह ओसरल्यावर शेजारचे गिटारवादक माइक प्रेंडरगास्ट (पुढे पेंडर) त्यांना येऊन मिळाले. मॅकनॅलींचा पहिला गट हाच मूळ गट मानावा, की पेंडर आल्यानंतरचा, यावर त्या दोघांचेच एकमत नव्हते. नाव जॉन फोर्ड यांच्या १९५६ च्या वेस्टर्न चित्रपटावरून घेतले. पण ते सुचवल्याचे श्रेय पेंडर स्वतःकडे घेतात, तर मॅकनॅली आरंभीचे गायक रॉन वुडब्रिज यांना देतात. दोघे पुढे विभक्त झाल्यामुळे दोन्ही कथने जपूनच स्वीकारावी लागतात. टोनी जॅक्सन (बेस गिटार व गायन) आल्यानंतर १९६० मध्ये ख्रिस कर्टिस (ड्रम) आले आणि प्रसिद्धीस आलेले चौघे एकत्र झाले. गटाचा खरा आरंभ तेव्हापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

लिव्हरपूलचा आयर्न डोअर क्लब आणि हँबर्गचा स्टार-क्लब येथे हात बसल्यावर ‘पाय’ (Pye) या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना करारबद्ध केले. ध्वनिमुद्रणाचे निर्माते टोनी हॅच होते. ‘स्वीट्स फॉर माय स्वीट’ ऑगस्ट १९६३ मध्ये खपाच्या ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढचे ‘शुगर अँड स्पाइस’ हॅच यांनी टोपणनावाने लिहून गटाला दिले होते. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

१९६४ च्या आरंभी पहिल्या क्रमांकावर आलेल्या ‘नीडल्स अँड पिन्स’ या गाण्यातील खणखणीत गिटारनाद बारा तारांच्या गिटारीचा असल्याचे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. तेथे सहा तारांच्या दोन गिटारी एकच स्वरावली एकाच वेळी वाजवतात आणि त्यांना प्रतिध्वनीची जोड दिलेली आहे. दोन वाद्ये कितीही जुळवली, तरी स्वरात आणि आघाताच्या क्षणात किंचित फरक उरतो व त्यातून नाद तरळतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. बारा तारांच्या गिटारीत हाच परिणाम जोडतारांमुळे वाद्यातच साधलेला असतो. ती प्रत्यक्ष वापरली गेली त्याच वर्षीच्या ‘व्हेन यू वॉक इन द रूम’मध्ये. अमेरिकेतील बर्ड्स गटाच्या फोक-रॉकवर (लोकगीत आणि रॉक यांच्या मिश्रणावर) या नादाचा ठसा असल्याचे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ‘नीडल्स अँड पिन्स’मध्ये बेस ड्रमच्या पेडलची कुरकुरही मुद्रित झाली आहे आणि कान देऊन ऐकल्यास ती आजही सापडते.

हे गाणे पेंडर यांनी गायले. पहिल्या दोन्ही यशस्वी गाण्यांचे मुख्य गायक जॅक्सन मागे पडले आणि १९६४ मध्येच बाहेर पडले. त्यांच्या जागी फ्रँक ॲलन आले. अमेरिकेत ‘लव्ह पोशन नंबर नाइन’ १९६५ च्या आरंभी तिसऱ्या क्रमांकावर गेले, पण तेही मूळ क्लोव्हर्स या अमेरिकन गटाचे, १९५९ चे गाणे होते. ऱ्हासाचे कारण अनेकदा अंतर्गत बेबनावात शोधले जाते. तथापि गटाची बहुतेक यशस्वी गाणी इतरांची होती आणि १९६५ नंतर स्वतः लिहिणाऱ्या गटांचा काळ सुरू झाला, हे कारण अधिक वजनदार आहे. दुसऱ्यांची गाणी हेरण्यात वाकबगार असलेले कर्टिसही १९६६ मध्ये गेले. त्या वर्षानंतर गटाची एकही नवी तबकडी ब्रिटिश यादीत आली नाही. कर्टिस यांनी पुढे जुळवलेल्या राउंडअबाउट या योजनेतून, ते स्वतः बाजूला झाल्यावर, डीप पर्पल हा रॉक गट आकारास आला.

यानंतरची वाटचाल मुख्यत्वे क्लब आणि दौऱ्यांची आहे. साइर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी १९७९ ते १९८१ दरम्यान केलेल्या दोन अल्बमचे समीक्षकांनी स्वागत केले, पण विक्री झाली नाही. १९८५ मध्ये पेंडर यांनी स्वतःच्या नावाचा वेगळा सर्चर्स गट काढला. मॅकनॅली आणि ॲलन यांच्या गटाने अखेरचा कार्यक्रम जून २०२५ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात केला.