सिग्नल ‘पडतो’ कसा?

कोकण रेल्वेची गाडी क्रॉसिंगला थांबली की अर्धा डबा फलाटावर उतरतो. कुणी बाटलीत पाणी भरतो, कुणी वडापाव शोधतो, कुणी नुसतेच पाय मोकळे करतो. समोरची गाडी धडधडत निघून जाते आणि फलाटाच्या टोकाचा लाल दिवा हिरवा होतो. मग कुणीतरी ओरडतो, “सिग्नल पडलो रे, चढा!” खरं तर पडलेलं काहीच नसतं. खांब जागच्या जागी असतो, फक्त दिवा बदललेला असतो.

हा ‘पडला’ जुन्या हाताच्या सिग्नलातून आला आहे. उंच खांबावर लाल पट्टीसारखा हात असायचा. तो आडवा असेल तर थांबा, खाली झुकला तर निघा. केबिनमधला माणूस खटका ओढायचा, लांबलचक तार ताणली जायची आणि हात खरोखरच खाली पडायचा. तार तुटलीच तर वजनामुळे हात आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबणारच. रात्री हाताशेजारच्या रंगीत काचेमागे रॉकेलचा दिवा लावत.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. रोह्याच्या पुढचा संपूर्ण कोकण रेल्वेमार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ला, म्हणजे १४५ वर्षांनी. तोवर सिग्नल दिव्यांचे झाले होते, आणि या मार्गावर पहिल्यापासून तेच लागले. तळकोकणातल्या माणसाने आपल्या गावच्या स्टेशनात सिग्नल पडताना कधी पाहिलेलाच नाही. शब्द मात्र रुळांच्या आधी पोचला होता, गिरणीतून सुटीवर गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या तोंडून. ‘हिरवा कंदील’ही रेल्वेचाच. गार्डच्या हातातला कंदील गेला, पण धरणापासून साखर कारखान्यापर्यंत प्रत्येक प्रकल्पाला मंत्री अजून तोच दाखवतात.

‘सिग्नल’ शब्दाचं मूळ लॅटिन ‘सिग्नुम’मध्ये आहे. त्याचा अर्थ खूण, आणि रोमन सैन्यात काठीवर मिरवायचं निशाणसुद्धा. गंमत म्हणजे आपल्या ‘निशाण’चंही तसंच आहे. फारसीतून आलेला हा शब्द खूणही सांगतो आणि झेंडाही. ‘निशाणी’ त्याच घरातली. इंग्रजांच्या सिग्नलला मराठीत जागा शोधायला लांब जावं लागलं नसतं. रेल्वेत ती कुणी शोधलीच नाही. यंत्र नवं होतं, शब्दही यंत्राबरोबर आला आणि राहिला. ‘संकेत’ कागदोपत्री बसला, फलाटावर कधी आलाच नाही.

बंदरावर उलटं झालं. वादळाची सूचना देणारी व्यवस्था आधी १८६५ साली कलकत्त्याला सुरू झाली आणि १८८०च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर आली. इंग्रजीत तिला सिग्नलच म्हणतात, एक ते अकरा क्रमांकांचे. पण किनाऱ्यावर गलबतं होती, डोलकाठ्या होत्या, त्यावर फडकणारे बावटे होते. त्यामुळे इथे सिग्नलचा बावटा झाला. मजा अशी की बंदरावर चढवतात ते कापड नसतंच. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. तरी देवगडच्या जेटीवर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असंच ऐकू येतं. मग गुजरात-कर्नाटकच्या बोटीसुद्धा आसऱ्याला आत येतात आणि बंदरात पाय ठेवायला जागा उरत नाही. (‘लाल बावटा’ म्हटलं की मुंबईत नोकरी केलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना वादळ नव्हे, गिरणी कामगारांची युनियन आठवायची. तेही वादळच म्हणा.)

मला वाटतं, या शब्दाचा इतिहास नामापेक्षा क्रियापदात जास्त टिकून आहे. रेल्वेचा सिग्नल पडतो. बंदराचा बावटा लागतो आणि उतरतो. शहरातल्या चौकातला सिग्नल लागतो, सुटतो आणि लोक तो तोडतातही. तिथे तर तो जागेचंच नाव होऊन बसला आहे: “सिग्नलला उतरा, मग डावीकडे.” मोबाइल आला तेव्हा मात्र आपण सिग्नल सोडून ‘रेंज’ उचलली. रेंज येते, जाते आणि मिळते ती बहुतेक सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावर. २०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गात मुलं ऑनलाइन अभ्यासाला रेंजसाठी डोंगर चढत होती.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, आणि कित्येक गावांतली रेंज अनेक दिवस गेली. मुंबईतली माणसं गावचा नंबर लावून लावून थकली. बंदराच्या यादीत या अवस्थेसाठीही एक बावटा आहे, शेवटचा, अकरा नंबरचा. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि बंदराच्या अधिकाऱ्याला स्वतःला हवा धोक्याची वाटते आहे, एवढंच तो सांगतो.