बॉस्टनचा काउबॉय: रेक्स ट्रेलर आणि 'बूमटाउन'ची अठरा वर्षं

बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचं विधिमंडळ आहे. तिथल्या प्रतिनिधी सभागृहात लाकडाचा एक भलामोठा कॉड मासा टांगलेला दिसतो. हे राज्य मासेमारीवर आणि जहाजांवर मोठं झालं, त्याची ती खूण. गुरांचे हजारोंचे कळप हाकत मैलोन् मैल जाणारे काउबॉय या भागात कधीच नव्हते. ते टेक्सास, कॅन्सस, वायोमिंगचे. तरीही या दर्यावर्दी राज्याने पुढे कायदा करून एका माणसाला राज्याचा अधिकृत काउबॉय ठरवलं. त्याचं नाव रेक्स ट्रेलर, टीव्हीवरच्या 'बूमटाउन' या मुलांच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या बॉस्टनकरांसमोर हे नाव काढलं की त्यांना शनिवार-रविवारची सकाळ आठवते, कृष्णधवल पडदा आठवतो आणि सोनेरी रंगाचा एक घोडा आठवतो. पडदा कृष्णधवल असूनही तो घोडा सोनेरीच आठवतो, याचं कारण पुढे येईल.

आपल्याकडे टेलिव्हिजन आलं ते सरकारी आणि एकछत्री. एक दूरदर्शन, त्याची मोजकी केंद्रं. अमेरिकेत पहिल्यापासून चित्र वेगळं होतं. तिथे शहराशहरात स्वतंत्र केंद्रं होती. एनबीसी, सीबीएस यांसारख्या देशव्यापी जाळ्यांकडून (नेटवर्क) त्यांना काही कार्यक्रम मिळत, बाकीचे तास केंद्रांनी आपले आपण भरायचे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी नऊ घरांत टीव्ही होता, १९६० पर्यंत हे प्रमाण सत्त्याऐंशीच्या आसपास गेलं. दहा वर्षांत देशभर शेकडो केंद्रं उभी राहिली आणि प्रत्येकापुढे प्रश्न एकच होता, सकाळी आणि शाळा सुटल्यावर मुलांना दाखवायचं काय?

उत्तर स्वस्तात मिळालं. सिनेमागृहांतून उतरलेले जुने, तासाभराचे काउबॉयपट पडून होते. विल्यम बॉइड या नटाने हे आधी ओळखलं. आपण रंगवलेल्या हॉपअलाँग कॅसिडीच्या जुन्या चित्रपटांचे हक्क त्याने पदरचे पैसे घालून विकत घेतले आणि ते टीव्हीला दिले. १९४९ मध्ये ते एनबीसीवर सुरू झाले आणि मुलं अक्षरशः वेडी झाली. १९५० मध्ये अल्लादिन कंपनीने शाळेच्या डब्यावर हॉपअलाँगचं चित्र चिकटवलं, तर पहिल्याच वर्षात सुमारे ६ लाख डबे खपले. १९५६ पासून पॉपायची जुनी व्यंगचित्रंही केंद्रांना मिळू लागली. चित्रफिती झाल्या, पण दोन चित्रफितींच्या मधे मुलांशी बोलणारं, त्यांचे वाढदिवस साजरे करणारं, प्रायोजकाच्या बिस्किटाचं कौतुक करणारं कुणीतरी हवं होतं. केंद्रातल्याच एखाद्या निवेदकाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी चढवली की काम भागे. लॉस एंजेलिसमध्ये जॉन रोविक १९५२ मध्ये 'शेरिफ जॉन' झाले आणि १९७० पर्यंत मुलांच्या दुपारच्या जेवणाला सोबत करत राहिले. फिलाडेल्फियात सॅली स्टार झालरीचा पोशाख घालून उभी राहिली आणि पुरुषांच्या या गर्दीत एका बाईने आपली जागा केली. तिला तिथली मुलं आपल्या घरची म्हणून ओळखत.

रेक्स ट्रेलर मात्र टोपी चढवून काउबॉय झालेले नव्हते. १६ सप्टेंबर १९२८ रोजी टेक्सासमधल्या थर्बर इथे त्यांचा जन्म झाला. लहानपणाचा मोठा भाग आजोबांच्या रँचवर गेला. घोड्यावरची मांड, लासोचे (गुरं पकडायला फेकायच्या दोराचे) फास, चाबकाचा कडकडाट हे सगळं त्यांनी तिथे, काम करणाऱ्या माणसांकडून उचललं. गिटार वाजवायचे, गायचे, पुढे विमानही चालवायला शिकले. टीव्ही अगदी बाल्यावस्थेत असताना ते न्यूयॉर्कला डुमाँट या कंपनीत शिरले आणि तिथून फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूपीटीझेड केंद्रावर गेले.

फिलाडेल्फियातून बॉस्टनला येणं ही त्यांची निवड कमी आणि दोन बड्या कंपन्यांच्या सौद्याची गोष्ट जास्त आहे. फिलाडेल्फियाचं केंद्र वेस्टिंगहाउसचं होतं आणि एनबीसीला ते हवं होतं. एनबीसीने दबाव आणला, की क्लीव्हलंडमधली आमची केंद्रं घ्या आणि फिलाडेल्फिया द्या, नाहीतर आमचे कार्यक्रम मिळणार नाहीत. जानेवारी १९५६ मध्ये ही अदलाबदल झाली. (सरकारने ती पुढे १९६५ मध्ये उलटवली.) या उलथापालथीत ट्रेलर वेस्टिंगहाउसच्याच बॉस्टनमधल्या केंद्रावर, डब्ल्यूबीझेडवर आले. न्यू इंग्लंडमधलं (मॅसॅच्युसेट्ससह ईशान्य अमेरिकेतल्या सहा राज्यांच्या भागातलं) हे पहिलं टीव्ही केंद्र, ९ जून १९४८ रोजी सुरू झालेलं. सोल्जर्स फील्ड रोडवरच्या त्याच्या स्टुडिओत १९५६ मध्येच 'बूमटाउन' उभं राहिलं.

कार्यक्रम शनिवारी आणि रविवारी सकाळी लागे, तोही थेट. मधूनमधून व्यंगचित्रं असत, पण मुलं बघायची ती ट्रेलरना. लासो फिरतोय, गाणं चाललंय, खेळ चाललेत आणि समोर स्टुडिओत खरीखुरी मुलं बसली आहेत. हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्या वर्गातला मुलगा काल टीव्हीत दिसला आणि पुढच्या महिन्यात कदाचित आपली पाळी. अठरा वर्षांत सुमारे अडीच लाख मुलं त्या स्टुडिओत येऊन गेली असं सांगतात. शिवाय ट्रेलर स्टुडिओपुरते नव्हते. ते 'गोल्ड रश' या आपल्या पालोमिनो, म्हणजे सोनेरी रंगाच्या, घोड्यासह न्यू इंग्लंडभर हिंडायचे, जत्रांमध्ये, मिरवणुकांमध्ये, छोट्या गावांच्या मैदानांवर. मुलांनी तो घोडा जवळून पाहिला होता, काहींनी त्याच्या मानेवरून हात फिरवला होता. घरच्या पडद्यावर तो राखाडी दिसला तरी डोळ्यांना त्याचा रंग ठाऊक होता.

हॉपअलाँग कॅसिडी हॉलिवूडमध्ये होता, देशभरातल्या सगळ्यांचा आणि म्हणून जवळचा कुणाचाच नाही. ट्रेलर गावातले होते. या प्रकारच्या कार्यक्रमांबद्दलचा जिव्हाळा समजून घ्यायचा तर माझ्या मते इथूनच सुरुवात करायला हवी. मुलाला पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखतो असं वाटणं आणि तो खरोखर गावात भेटणं, यांत फार मोठं अंतर आहे.

ट्रेलर यांचा सुरुवातीचा जोडीदार होता पाब्लो, म्हणजे मेक्सिकन गड्याच्या वेषातले डिक किलब्राइड. पाब्लो सतत झोपाळू आणि गमतीदार. मुलांचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं आणि १९६७ मध्ये किलब्राइड वारले तेव्हा अनेकांनी आयुष्यातला पहिला वियोग अनुभवला. त्यांच्यानंतर कॅक्टस पीट, सार्जंट बिली असे दुसरे सोबती आले. पाब्लोबद्दल मात्र आज वाईट वाटतं ते दुसऱ्या कारणाने. काउबॉयची सगळी विद्या मुळात मेक्सिकन गुराख्यांची. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय आणि 'वाकेरो' म्हणजे आपला गुराखी. लासो हा शब्दही स्पॅनिश 'लाझो'वरून आला. ज्या माणसांनी दोर फेकायला, घोडा वळवायला अमेरिकनांना शिकवलं, त्यांचा प्रतिनिधी पडद्यावर झोपाळू विदूषक झाला. तेव्हाच्या बहुतेक काउबॉयपटांत हेच होतं आणि 'बूमटाउन'ने ते तिथून जसंच्या तसं उचललं. ज्यांनी ट्रेलर यांच्यावर प्रेम केलं त्यांनीही हे मान्य करावं असं मला वाटतं.

आता १९६१ ची गोष्ट. त्या वर्षी ट्रेलर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातून छत टाकलेल्या घोडागाड्यांचा तांडा नेला, जुन्या काळी वसाहतकरी पश्चिमेकडे निघत तसा. उद्देश होता बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांकडे लोकांचं लक्ष वेधणं. आज अशा मोहिमेचं आपल्याला नवल वाटणार नाही. तेव्हा काय परिस्थिती होती ते पाहिलं की तिचं वजन कळतं. अशी मुलं जन्मली की डॉक्टर पालकांना बहुधा एकच सल्ला देत, संस्थेत ठेवा आणि विसरून जा. बॉस्टनजवळच्याच वॉल्थम गावी फर्नाल्ड स्कूल होतं, १८४८ मध्ये स्थापन झालेलं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं सगळ्यात जुनं सरकारी ठिकाण. नावापुरतं स्कूल, प्रत्यक्षात माणसांनी खच्चून भरलेल्या बराकी. जी मुलं घरी राहत त्यांना सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून मूल लपवून ठेवणारी घरं होती. देशाच्या अध्यक्षांच्या कुटुंबातही हे दुःख होतं. जॉन केनेडी मॅसॅच्युसेट्सचेच आणि त्यांची बहीण रोझमेरी अनेक वर्षं एका संस्थेत होती. त्याच १९६१ च्या ऑक्टोबरात केनेडींनी या प्रश्नावर तज्ज्ञांचं मंडळ नेमलं.

अशा वेळी लाखो घरांतल्या मुलांचा लाडका माणूस भर रस्त्याने घोडागाड्या घेऊन निघतो आणि ज्या मुलांचं नाव काढायला मोठी माणसं कचरतात त्यांच्यासाठी लोकांना हाक देतो. त्याच्यामागे मुलं धावणार आणि मुलांमागे आईबाप येणार हे उघड होतं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्टुडिओतल्या बाकांवरही ते अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने बसवत, वेगळा गाजावाजा न करता. घरी बसलेल्या लहान मुलाला त्यात शिकवण वगैरे काही दिसत नसे. कुबड्या घेतलेला एक मुलगा आपल्यासारखाच टोपी घालून हसतोय, एवढंच दिसे. प्रत्येक अपंग मुलाला शिक्षण दिलंच पाहिजे असा राज्याचा कायदा, प्रकरण ७६६, व्हायला १९७२ साल उजाडलं आणि साऱ्या देशाचा कायदा १९७५ मध्ये आला. एका टीव्हीवाल्या काउबॉयमुळे हे कायदे झाले असं मी म्हणणार नाही. ते लढून आणले पालकांच्या संघटनांनी. पण १९६१ मध्ये 'बूमटाउन' पाहणारी मुलं तोवर तरुण झाली होती, मतदार झाली होती.

कार्यक्रम १९७४ मध्ये संपला. त्यामागे कारणं बरीच. काउबॉयची लाट ओसरली होती. १९५९ च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवर संध्याकाळच्या मुख्य वेळेत आठवड्याला पंचविसाहून अधिक काउबॉय मालिका चालत. सत्तरीच्या दशकात त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. साठीच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या जाळ्यांनी शनिवारची सकाळ स्वतःच्या नव्या व्यंगचित्रांनी भरायला घेतली. ती घेणं केंद्रांना स्टुडिओ, कलाकार आणि घोडा पोसण्यापेक्षा परवडणारं होतं.

आणखी एक धक्का आला तो बॉस्टनच्याच शेजारून. १९६८ मध्ये न्यूटन या उपनगरात पेगी चॅरन आणि काही आयांनी मिळून 'अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. मुलांच्या कार्यक्रमांमधला जाहिरातींचा मारा त्यांना असह्य झाला होता. ज्या माणसावर मूल विश्वास टाकतं त्याच माणसाने त्याला खाऊ आणि खेळणी विकावीत, याला त्यांचा सक्त विरोध होता. पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कुठे संपली आणि विक्री कुठे सुरू झाली ते कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. १९७० मध्ये त्यांनी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज केला. १९७३ पासून प्रसारकांच्या स्वतःच्या संहितेने सूत्रसंचालकांना मुलांच्या कार्यक्रमात जाहिरात करायला मनाई केली आणि १९७४ मध्ये कमिशनच्या धोरणानेही हीच भूमिका घेतली. त्या आयांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण गावोगावचे हे कार्यक्रम प्रायोजकांच्या पैशावरच उभे होते आणि प्रायोजक येत ते सूत्रसंचालकाच्या शब्दाला किंमत होती म्हणून. तो शब्द विकायचा नाही म्हटल्यावर केंद्रांचा हिशोब बसेना. देशभर असे कार्यक्रम एकामागून एक बंद पडले. मुलांच्या भल्यासाठी झटणारी माणसं दोन्ही बाजूंना होती आणि एका बाजूच्या रास्त विजयात दुसऱ्या बाजूचं काहीतरी मोलाचं गेलं.

मागे फार थोडं उरलं. कार्यक्रम थेट जात. ध्वनिचित्रफीत महाग होती, म्हणून चित्रमुद्रण झालंच तर तीच फीत पुसून पुन्हा वापरण्याची सर्रास पद्धत होती. त्यामुळे या काळाचा बराचसा इतिहास लोकांच्या आठवणींत आहे, घरच्या छायाचित्रांत आहे आणि माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या डब्यावर आहे. या सूत्रसंचालकांना एकत्र पाहायचं असेल तर एक जागा आहे, थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाचा १९६५ चा एक काउबॉयपट. त्यात वेगवेगळ्या शहरांतल्या मुलांच्या लाडक्या सूत्रसंचालकांना पश्चिमेचे नामांकित बंदूकबाज म्हणून घेतलं होतं. पिट्सबर्गचे पॉल शॅनन झाले वाइल्ड बिल हिकॉक आणि सॅली स्टार झाली बेल स्टार.

ट्रेलर यांनी पुढे बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजात टीव्हीचं तंत्र शिकवलं. उतारवयातही ते टोपी घालून कार्यक्रमांना जात आणि समोर पांढऱ्या केसांची 'मुलं' येत. ९ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते फ्लोरिडात वारले. लॉस एंजेलिसचे शेरिफ जॉन आदल्या ऑक्टोबरातच गेले होते. सॅली स्टारने २५ जानेवारीला नव्वदी गाठली आणि दोन दिवसांनी तीही गेली.