एचपी ते किलोवॅट

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर हे यंत्राची ताकद सांगायचं जुनं माप आणि किलोवॅट हे विजेकडचं, पण दोन्ही मोजतात एकच, सेकंदाला किती काम होतंय ते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून एचपीला ०.७४६ नं गुणलं की किलोवॅट मिळतात, उलट जायचं तर १.३४ नं गुणा, झालं. जेम्स वॅटनं १८व्या शतकात वाफेचं इंजिन खपवताना घोड्याशी तुलना करून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा हा आकडा धरला. मेट्रिक एचपी थोडा लहान असतो, ७३५.५ वॅटचा.

सातारा-सांगलीकडं किलोवॅट तोंडात बसलेलाच नाही. १९१० पासून किर्लोस्करवाडी इथलीच, त्यामुळं पंप म्हटलं की 'पाचची मोटार', 'साडेसातची मोटार' असंच बोलणं. नेमप्लेटवर मात्र दोन्ही आकडे असतात, पाचला ३.७ किलोवॅट, साडेसातला ५.५, दहाला ७.५.

खरा घोळ होतो तो पुढं. प्लेटवरचा आकडा मोटारीच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, मिळणाऱ्या ताकदीचा असतो, मीटर मोजतो ती आत गेलेली वीज, आणि पाण्याच्या वाट्याला येतं ते या दोन्हींपेक्षा कमी. समजा कृष्णेतनं उसाला सेकंदाला १० लिटर पाणी उचलायचंय आणि पाईपातलं घर्षण धरून हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ३० मीटर आहे, तर १० × ९.८१ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × ३० म्हणजे साधारण २,९४० वॅट, जेमतेम ४ एचपी. मग पाचची का पुरत नाही? कारण पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर शाफ्टवर ४.९ किलोवॅट लागतात, म्हणजे साडेसहा एचपी, म्हणून साडेसातची घ्यायची. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरा, वीज ओढली जाते पावणेसहा किलोवॅटच्या आसपास, लाईट ८ तास राहिली तर ४६ युनिट. नुसतं ७.५ ला ०.७४६ नं गुणून युनिट काढणाऱ्याचा आकडा बिलाशी जुळला तर तो योगायोग समजायचा.

थ्री फेजला एचपीमागं दीड अँपिअर हा वायरमनचा ठोकताळा बऱ्यापैकी बरोबर येतो. पण क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर आणि व्होल्ट नुसते गुणून वॅट निघत नाहीत, थ्री फेजला १.७३ आणि पॉवर फॅक्टरनं (व्होल्ट-अँपिअरमधला खरोखर कामाला येणारा वाटा) पण गुणावं लागतं.

मोठ्या आकड्यांना एचपी गैरसोयीचाच, पाटण तालुक्यातल्या कोयनेच्या पाण्यावरचा प्रकल्प १,९६० मेगावॅटचा, तो एचपीत सांगायचा तर २६ लाखांच्या वर जातो.