वॉर्ड ऑफिस एकीकडे, इमिग्रेशन दुसरीकडे: जपानमधल्या परदेशी नोंदणीची पार्श्वभूमी

जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाची नोंद दोन ठिकाणी असते. पत्ता, कुटुंब, आरोग्य विमा आणि रहिवासी कर या गोष्टी राहत्या भागाच्या वॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे कुयाकुशोकडे असतात. व्हिसाचा दर्जा, मुदत आणि नोकरीची माहिती इमिग्रेशनकडे असते. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाई घ्या. तिथे गेल्या पंचवीस वर्षांत भारतीय वस्ती वाढली आणि २०१९ मध्ये मराठी मुळाचे योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. अशा ठिकाणी नव्याने आलेल्या कुटुंबांची अडचण बहुधा कायदा मोडल्यामुळे होत नाही. कोणती गोष्ट कुठल्या खिडकीवर कळवायची हे नीट माहीत नसतं, म्हणून होते. ही विभागणी मुद्दाम आखलेली नाही, ती इतिहासातून उरली आहे.

१८५९ मध्ये योकोहामासारखी बंदरं उघडली, पण परदेशी माणसाला फिरण्याची मुभा बंदरापासून दहा री, म्हणजे साधारण ४० किलोमीटरपर्यंतच होती. पुढे जायचं तर आपल्या देशाच्या प्रतिनिधीमार्फत वेगळा परवाना काढावा लागे. १८९९ मध्ये सुधारित करार अमलात आले, परदेशी वसाहती संपल्या आणि कुठेही राहायची मोकळीक मिळाली. त्याच वेळी मुक्काम कळवण्याची सक्ती आली. हे काम गृहखात्याकडे, म्हणजे व्यवहारात पोलिसांकडे होतं. परदेशी माणसाचं अस्तित्व हा पोलिसांच्या नोंदवहीचा विषय आहे ही समजूत तेव्हाची, आणि ती बराच काळ टिकली.

आजच्या व्यवस्थेचा थेट पूर्वज मात्र २ मे १९४७ चा परदेशी नोंदणी हुकूम आहे. ती तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, जपानची नवी राज्यघटना लागू झाली. म्हणजे हा हुकूम सम्राटाच्या नावाने निघालेल्या अगदी शेवटच्या आदेशांपैकी. युद्धानंतर जपानमध्ये सुमारे सहा लाख कोरियन उरले होते. युद्धापर्यंत कोरिया जपानची वसाहत होती, म्हणून कागदोपत्री हे लोक अजून जपानी प्रजाच होते, तरी या हुकमापुरतं त्यांना ‘परदेशी समजावं’ असं कलम घातलं गेलं. नोंदणी करायची, दाखला सतत जवळ ठेवायचा आणि मागितला की दाखवायचा.

पाच वर्षांनी, २८ एप्रिल १९५२ रोजी, दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को करार, लागू झाला. त्याच दिवशी कोरियन आणि तैवानी लोकांचं जपानी नागरिकत्व गेलं, तेही न्याय खात्याच्या एका परिपत्रकाने. निवडीचा पर्याय कोणालाच मिळाला नाही. परदेशी नोंदणी कायदाही त्याच दिवशी लागू झाला. परदेशातून येणाऱ्यांची नोंद ठेवायची म्हणून हा कायदा झाला असं आज सहज वाटतं, पण त्याखाली नोंदले गेलेले बहुसंख्य लोक कुठूनही आलेले नव्हते. ते तिथेच राहत होते, अनेक जण तिथेच जन्मले होते. कार्ड जवळ नसणं हा गुन्हा का मानला गेला, ते या एका गोष्टीवरून जितकं कळतं तितकं कलमं वाचून कळत नाही.

दोन दफ्तरं इथेच तयार झाली. १९५१ मध्ये इमिग्रेशनचा वेगळा आदेश निघाला. देशात कोण येतो, कोणत्या दर्जावर आणि किती दिवस राहतो हे ते खातं पाहू लागलं. नोंदणी मात्र नगरपालिका आणि वॉर्डांवर सोपवली गेली. काम केंद्राचं, पण राबवणार स्थानिक कार्यालय. त्यामुळे इमिग्रेशनने व्हिसाची मुदत वाढवली की पासपोर्टवर शिक्का बसे, आणि तो शिक्का घेऊन १४ दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात जाऊन नोंदवहीतली माहिती बदलून घ्यावी लागे. माणूस गेला नाही तर दोन्ही नोंदी जुळत नसत. हा १४ दिवसांचा आकडा आजही जागोजागी भेटतो.

१९४०च्या दशकात रेशनसाठी दुबार आणि खोट्या नावांच्या नोंदी झाल्या होत्या. त्या रोखण्याचं कारण देऊन १९५२ च्या कायद्यात बोटांचे ठसे घालण्यात आले. विरोधामुळे अंमलबजावणी १९५५ पर्यंत लांबली. १४ वर्षांवरच्या प्रत्येकाला डाव्या हाताची तर्जनी काळ्या शाईत बुडवून, कडेपासून कडेपर्यंत फिरवून ठसा द्यावा लागे, आणि दाखल्याच्या दर नूतनीकरणाला पुन्हा. जपानी नागरिकाचा ठसा फक्त गुन्ह्याच्या तपासात घेतला जाई. शाळेत जपानी मुलांच्या बरोबरीने शिकलेली मुलगी चौदाव्या वर्षी कार्यालयात जाऊन ठसा देई, तेव्हा तिला आपला वेगळेपणा पहिल्यांदा कळे.

१९८० मध्ये तोक्योच्या शिंजुकू वॉर्ड कार्यालयात हान जोंग-सोक या कोरियन रहिवाशाने ठसा द्यायला नकार दिला. पुढची पाच वर्षं नकार पसरत गेले. १९८२ मध्ये सरकारने वय १६ केलं आणि नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी ठेवलं. १९८५ मध्ये फार मोठ्या संख्येने दाखले नूतनीकरणाला आले आणि हजारोंनी नकार दिला. त्या वर्षी काळ्या शाईऐवजी रंगहीन द्रव आला, म्हणजे प्रश्न अपमानाचा नसून डागाचा आहे असं समजून उपाय झाला. १९८७ च्या दुरुस्तीने ठसा आयुष्यात एकदाच द्यायचा ठरलं आणि वहीवजा दाखल्याच्या जागी खिशात मावणारं कार्ड आलं. १९८९ मध्ये सम्राट शोवा यांच्या निधनानंतरच्या माफीत चालू खटले संपले. त्यामुळे ज्यांना न्यायालयाकडून निकालच हवा होता त्यांना तो मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ मध्ये वेगळ्या खटल्यात आला: विनाकारण ठसा द्यायला भाग पाडलं जाऊ नये हे स्वातंत्र्य परदेशी व्यक्तीलाही आहे, तरीही ही पद्धत घटनाबाह्य नव्हती. तोवर कायदा पुढे गेला होता. १९९१ च्या जपान–दक्षिण कोरिया समझोत्यानंतर १९९३ मध्ये कायमस्वरूपी रहिवाशांची ठशातून सुटका झाली, आणि १ एप्रिल २००० पासून सगळ्यांचीच. ठशाच्या जागी सही आणि कुटुंबाची माहिती आली.

ठसे २००७ मध्ये परतले, पण विमानतळावर. नोव्हेंबर २००७ पासून १६ वर्षांवरच्या परदेशी प्रवाशाच्या दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो प्रवेशाच्या वेळी घेतले जातात. ‘विशेष कायम रहिवासी’, म्हणजे प्रामुख्याने त्या जुन्या कोरियन आणि तैवानी कुटुंबांचे वंशज, यातून वगळलेले आहेत. बाकीचे वीस वर्षं तिथे राहत असले तरी भारतातून परतताना दर वेळी ठसे देतात.

ठशांच्या गोंगाटात दुसरा अन्याय मागे राहिला, आणि रोजच्या जगण्यात तो जास्त टोचत होता. जपानी नागरिकांची घरनिहाय नोंद, जिचा उतारा म्हणजे जुमिनह्यो, १९६७ च्या कायद्याखाली चाले आणि परदेशी माणसाला त्यात जागाच नव्हती. जपानी बाई आणि भारतीय नवरा एका घरात राहत असले तरी उताऱ्यावर बाई आणि मुलं दिसत, नवरा नाही. २००३ मध्ये योकोहामाच्या निशी वॉर्डाने नदीत आलेल्या तामा-चान नावाच्या सीलला मानाचा जुमिनह्यो दिला, तेव्हा कर भरूनही ज्यांची नावं यादीत नव्हती ते परदेशी रहिवासी तोंडावर मिशा रंगवून निषेधाला उतरले.

९ जुलै २०१२ रोजी जुना कायदा रद्द झाला. इमिग्रेशनने रेसिडेन्स कार्ड द्यायला सुरुवात केली आणि परदेशी कुटुंबं जुमिनह्योत आली. मुदतीची कमाल मर्यादा तीनवरून पाच वर्षं झाली. एका वर्षाच्या आत परतायचं असेल तर वेगळा पुनःप्रवेश परवाना काढायची गरज उरली नाही. विशेष कायम रहिवाशांना आपला दाखला सतत जवळ बाळगण्याच्या सक्तीतून वगळलं. या सुधारणेत एका गटाचं नुकसान झालं, ते सहसा सांगितलं जात नाही. जुन्या पद्धतीत व्हिसाची मुदत संपलेल्या माणसाचीही स्थानिक कार्यालयात नोंद होऊ शके. कार्डावर ‘दर्जा नाही’ असं छापलेलं असे, पण मुलाच्या शाळेसाठी आणि लसीकरणासाठी एक पत्ता नोंदवलेला राही. नव्या पद्धतीत अशा माणसाला कार्डही नाही आणि जुमिनह्योही नाही.

आता आजच्या व्यवहाराकडे. नारिता किंवा हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर कार्ड हातात मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात गेल्यावर मागच्या बाजूला पत्ता छापून मिळतो. ९० दिवस पत्ता कळवला नाही तर राहण्याचा दर्जाच रद्द होऊ शकतो. दुसऱ्या वॉर्डात घर बदलताना आधी जुन्या कार्यालयात बाहेर पडल्याची नोंद करायची, मग १४ दिवसांत नव्या कार्यालयात आल्याची. पहिली नोंद राहून गेली की नवं कार्यालय परत पाठवतं आणि मुदतीतले दिवस जातात.

पत्ता सोडून बाकी जवळपास सगळं इमिग्रेशनकडे जातं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. जुन्या काळी हे वॉर्डात होई, म्हणून अजूनही काही जण आधी तिथेच जातात. नोकरी बदलली तर जुनी संपल्याचं आणि नवी लागल्याचं, अशी दोन्ही माहिती १४ दिवसांत कळवायची. कंपनीने वेगळी माहिती दिली तरी माणसाची जबाबदारी सुटत नाही. हे चुकलं तर लगेच काही होत नाही, म्हणून लोक विसरतात. मुदत वाढवायच्या वेळी मात्र ते दिसतं, आणि पाच किंवा तीन वर्षांऐवजी एकच वर्ष हातात पडू शकतं.

१६ वर्षांवरच्या व्यक्तीने कार्ड कायम जवळ ठेवायचं असतं. जवळ नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंड आहे, आणि अधिकाऱ्याने मागूनही दाखवलं नाही तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. कार्ड असेल तर पासपोर्ट बरोबर घेऊन फिरायची गरज नसते.

बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्यांनी तारखा नीट पाहाव्यात. जपान सोडताना प्रस्थान कार्डावर परत येणार असल्याच्या रकान्यात खूण केली तरच एक वर्षाची सवलत लागू होते. ती भारतात बसून वाढवता येत नाही, आणि व्हिसाची मुदत आधी संपत असेल तर सवलतही तेव्हाच संपते. वर्षाहून जास्त थांबायची शक्यता असेल तर निघण्यापूर्वी नेहमीचा पुनःप्रवेश परवाना घ्यावा. बाळाचा जन्म जपानमध्ये झाला तर १४ दिवसांत वॉर्डात जन्मनोंद आणि ३० दिवसांत इमिग्रेशनकडे दर्जासाठी अर्ज करायचा असतो. पासपोर्ट यायचा बाकी असला तरी कारण सांगून अर्ज करता येतो. भारतीय दूतावासात जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करावी, नाहीतर नागरिकत्वाचं प्रकरण दिल्लीच्या परवानगीपर्यंत जातं.

२०१६ पासून मिळू लागलेल्या ‘माय नंबर’ कार्डाने, म्हणजे रहिवाशाच्या ओळख क्रमांकाच्या कार्डाने, दोन दफ्तरांमधला हा ताण पुन्हा उघड केला. हे कार्ड वॉर्ड देतं, पण त्याची मुदत व्हिसाच्या मुदतीइतकीच असते. इमिग्रेशनने मुदत वाढवून नवं रेसिडेन्स कार्ड दिलं, तरी माय नंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. जुनी तारीख उलटण्याआधी वॉर्डात जाऊन ती वाढवून घ्यावी लागते. मुदतवाढीचा निर्णय लांबला, तर अर्ज चालू असल्याचा पुरावा नेऊन तिथे तात्पुरती वाढ घेता येते. ही फेरी चुकली की कार्ड बाद होतं आणि नव्याने अर्ज करावा लागतो.

यावर २०२४ च्या कायद्याने दोन्ही कार्डं एकत्र करायची वाट मोकळी केली. एकत्रित कार्ड घेणं ऐच्छिक आहे. ते घेतलं तर मुदतवाढ दोन्हीसाठी एकदाच करता येईल, पण ते हरवलं की ओळखपत्रही गेलं आणि राहण्याचा पुरावाही गेला. पत्ता बदलल्याची नोंद वॉर्डाकडे आणि नोकरी बदलल्याची नोंद इमिग्रेशनकडे, हे मात्र एकत्रित कार्ड घेतलं तरी तसंच राहतं.